जुनी रायफल घ्यावी का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. 10 मीटर एअर रायफलमध्ये ती राज्य स्पर्धेपर्यंत पोचली. आता सर म्हणतात, 50 मीटरसाठी .22 ची (0.22 इंच व्यासाच्या गोळीची) रायफल घ्या. पुण्यातल्या एका नेमबाजाची वीसेक वर्षं जुनी ॲन्शुट्झ (जर्मन कंपनी) रायफल, मॉडेल 1913, विकायला आहे. नवी घेतली तर खर्च कितीतरी पटीने जास्त. वीस वर्षं वापरलेली नळी अचूक राहते का?
– एक आई, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : ताई, वयाला घाबरू नका. .22 ची गोळी साध्या शिशाची, बाहेरून मेणाचा किंवा ग्रीसचा लेप दिलेली. मोठ्या रायफलींच्या तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्या नळी झिजवतात, तशी ही झिजवत नाही. वीस वर्षं नीट सांभाळलेली नळी आजही चोख मारते. नुकसान होतं ते बेपर्वाईने साफ करण्यात. सळई तोंडाकडून घातली, तर नळीच्या शेवटच्या कडेला ओरखडे पडतात. गोळी सुटते त्या क्षणी तिला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा, म्हणून तिथला बारीकसा खोकही महागात पडतो. भिंग न्या आणि बॅटरीच्या उजेडात ती कड सगळीकडून पाहा. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, काडतुसाच्या तोंडाशी काजळीचं कडं जमलंय का, तेही बघा. ते मात्र साफ होतं.

खरी परीक्षा कागदावर. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पक्की बसवून दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच गट, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या भोकांचे पुंजके, मारायला सांगा. भोकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजलेला गट 16 मिलिमीटरच्या आसपास राहिला, तर नळी घेण्यासारखी. एकच सुंदर गट दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, सगळे कागद मागा. आणि काडतुसांच्या एकाच लॉटवर, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या एकाच खेपेवर, निकाल देऊ नका. एली कंपनीच्या टेनेक्स काडतुसांचाच एक लॉट एका नळीत घट्ट गट देतो आणि दुसऱ्या नळीत पसरतो. दोन्हींत दोष नसतो, जोडी जमत नाही एवढंच. म्हणून मी नेहमी सांगतो, रायफलीवर सगळी शिल्लक घालवू नका. लॉट निवडून वर्षभर पुरतील इतक्या काडतुसांचे पैसे बाजूला ठेवा.

काडतुसं ‘मॅच’चीच, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेलीच घ्या. ती ध्वनीच्या वेगाहून थोडी कमी, सेकंदाला 325-330 मीटरच्या आसपास निघतात. स्वस्त, जास्त वेगाची काडतुसं ध्वनीच्या वेगापलीकडून सुरू होऊन लक्ष्यापर्यंत त्या वेगाजवळ उतरतात आणि तिथेच गोळी अस्थिर होते. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात काडतुसांचा डबा गाडीत ठेवून कामाला जाऊ नका. लेप पातळ होतो, काडतुसातल्या दारूचा दाबही तापमानाने बदलतो आणि सकाळचा गट दुपारी वर सरकतो.

नळीनंतर बघायचं ते दस्त्यातलं, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागातलं, बसणं. ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायची-डागायची यंत्रणा, दस्त्यात ज्या स्क्रूंनी धरलेली असते, ते टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या मापाने आवळलेत का, विचारा. सैल-घट्ट झाले की गट भटकतो आणि लोक बिचाऱ्या नळीला दोष देतात. लाकडी दस्त्याला भेग असेल तर सौदा सोडून द्या.

मग मुलीच्या हातात द्या. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफलच्या ज्या प्रकारात ब्राँझ जिंकलं, त्यात गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून, तिन्ही स्थितींत मारावं लागतं. गालाची पट्टी, खांद्याचा हूक आणि लांबी तिच्या अंगाला जुळायलाच हवी. मोठ्या पुरुषाच्या मापावर बसवलेला दस्ता अकरावीतल्या मुलीची मान अवघडवतो. तिन्ही स्थितींत तिला डोकं सहज ठेवता आलं, तर रायफल तिची.

पैसे मात्र परवाना हातात आल्यावरच द्या. .22 ला तो लागतोच. शहरात राहता, म्हणून अर्ज पोलीस आयुक्तालयात; सरांकडून सरावाची आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं आधीच गोळा करून ठेवा.