एसीटीएच सुरू झालंय? मग बीपीकडे लक्ष ठेवा

ताई, पहिल्यांदा बाळाचं बीपी वाढलंय म्हणाले तेव्हा मीपण घाबरले होते, एवढ्याशा जीवाला कसलं बीपी! पण इन्फंटाइल स्पाझमसाठी (तान्ह्या बाळांना येणारे एक प्रकारचे झटके) एसीटीएच (शरीरातलं स्टिरॉइड वाढवणारं इंजेक्शन) किंवा हाय डोस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असलं की हे होऊ शकतं, स्टिरॉइडमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं. गाल फुगणं, सारखी भूक, रात्रभर किरकिर हे तर दिसतं, बीपी मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

बीपी मोजताना गुंडाळायचा पट्टा (कफ) बाळाच्या मापाचाच हवा, लहान पडला तर रीडिंग उगाच जास्त येतं, आणि रडताना घेतलेलं रीडिंग धरूच नका, झोपलेलं असताना किंवा शांत असताना घ्या, वहीत वेळेसकट लिहा. किती आकड्यावर फोन करायचा ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. लागलं तर ते बीपीचं औषध देतात, बहुतेकदा कोर्स संपल्यावर उतरतं.

एक मात्र ऐका, बीपी वाढलं म्हणून स्टिरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नका, डोस हळूहळूच उतरवतात, एकदम थांबवलं तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. ताप, सारख्या उलट्या किंवा खूप सुस्ती दिसली तर थेट दवाखाना. आणि हो, लसीची तारीख आली तर आधी विचारा, लाइव्ह लसी (जिवंत पण कमजोर केलेले जंतू असलेल्या) या काळात देत नाहीत.