माळ्यावरचा जुना फिश टँक मासे सोडण्याआधी कसा धुवायचा?

तुम्ही विचारलंय की नातेवाइकांकडून २ फुटी काचेचा टँक मिळालाय, दोन वर्षं माळ्यावर पडून होता, काचेवर पांढरा थर बसलाय. साबणाने धुतला तर चालेल का, आणि येत्या रविवारी मुलीसाठी मासे आणता येतील का?

साबण अजिबात नको. आणि रविवारी मासेही नकोत. टँक मात्र रविवारीच साफ होईल, आणि त्यात मुलीला भरपूर काम आहे.

साबणाबद्दल इतकं ठामपणे सांगते, कारण माझ्या हातून हे झालंय. मुलाच्या वाढदिवसाला आणलेला टँक मी भांडी घासायच्या लिक्विडने घासला, पाच-सहा पाण्यांनी धुतला, काचेवर बोट फिरवलं की कुईं वाजेपर्यंत. संध्याकाळी सहा मॉली सोडल्या. रात्री पाहिलं तर एअर पंपाचे बुडबुडे वर येऊन फुटतच नव्हते, कोपऱ्यात फेस होऊन साचत होते. मला त्याचा अर्थ कळला नाही. सकाळी चार मॉली तळाशी होत्या आणि दोन पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होत्या. साबण काचेवरून निघतो, पण सांध्यांच्या कडांत आणि खड्यांत अडकून राहतो. माशाच्या कल्ल्यांवर जो नाजूक बुळबुळीत थर असतो, तोच साबण काढून टाकतो. कल्ले खराब झाले की एअर पंप कितीही चालवा, मासा गुदमरतोच.

आता तुमचा पांढरा थर. तो पाण्यातल्या क्षारांचा आहे. बोअरवेलच्या पाण्याच्या टँकवर तर हमखास असतो, नखाने खरवडला तर हाताला खरखरीत लागतो. त्याला स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर पुरतं. व्हिनेगर नसेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून घ्या. टँक आडवा करा, म्हणजे डागाची काच खाली येईल. जुन्या सुती कपड्याच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये भिजवून डागावर अर्धा तास पसरून ठेवा. मग नव्या स्पंजने किंवा नारळाच्या शेंडीने घासा. सिंकजवळचा स्पंज घेऊ नका, त्यात साबण मुरलेला असतो. तारेच्या घासणीने काचेवर चरे पडतात. हट्टी डाग ब्लेड तिरपं धरून निघतो, पण ते काम तुम्ही करा, मुलीला देऊ नका, आणि ब्लेड कोपऱ्यातल्या सिलिकॉनला लागू देऊ नका. तिथे एक चीर गेली की टँक गळायला लागतो. हाताला कापलेलं-खरचटलेलं असेल तर रबरी मोजे घाला. जुन्या टँकमधल्या काही जंतूंमुळे त्वचेवर महिनोन्‌महिने न बऱ्या होणाऱ्या गाठी येऊ शकतात.

नातेवाइकांना एक गोष्ट जरूर विचारा: आधीचे मासे रोगाने गेले होते का? तसं असेल तर नुसतं व्हिनेगर पुरणार नाही. साधं, सुगंध नसलेलं ब्लीच घ्या, एक भाग ब्लीचला एकोणीस भाग पाणी, आणि दहा-पंधरा मिनिटं आतून सगळीकडे लावून ठेवा. मग चार-पाचदा धुऊन वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एक पूर्ण धुऊन झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. रोगाचं काही नसेल तर ब्लीचची गरज नाही. फिल्टरचा जुना स्पंज मात्र दोन्ही वेळा फेकून द्या, नवा स्वस्त मिळतो.

मग गळती तपासा. माळ्यावर कोरडं पडून सिलिकॉन कडक झालेलं असू शकतं. सपाट जागी वर्तमानपत्र अंथरून त्यावर टँक ठेवा, भरा आणि पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या. कागदावर ओल लगेच दिसते. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टँकमध्ये साधारण ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढेच किलो वजन. त्यामुळे कायमची जागा भक्कम हवी, आणि काचेखाली थर्माकोलचा शीट हवा. भरलेला टँक उचलायला कधीच जाऊ नका. गळलाच तर आतलं सगळं सिलिकॉन काढून नवं भरावं लागतं. बाथरूमसाठीचं बुरशीनाशक असलेलं सिलिकॉन माशांना चालत नाही.

मुलीचं काम म्हणजे टँकच्या तळाशी घालायचे खडे. बादलीत घालून हाताने ढवळायचे, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा भरायचं. सात-आठ वेळा तरी करावं लागेल. बादलीही साबण न लागलेलीच हवी. खड्यांवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघायला सांगा. फेसाळले तर त्यांत चुना आहे. संगमरवराचे तुकडे आणि शिंपले असेच असतात, पाणी हळूहळू जड, म्हणजे क्षारांचं, करतात. मॉली, गप्पीला ते मानवतं, निऑन टेट्राला नाही. रंग सुटणारे खडे सरळ बाजूला काढा.

एवढं झालं की टँक स्वच्छ झाला, पण माशांच्या दृष्टीने अजून रिकामाच आहे. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, तो त्याच्याचसाठी विष असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जीवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी, आणि मग नायट्रेट, जे बऱ्यापैकी सोसतं. हे जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमधले मासे दहा-बारा दिवसांत ‘आपोआप’ मरतात ते बहुतेक वेळा यामुळेच, आणि दोष विनाकारण दुकानदाराला जातो.

म्हणून रविवारी दुकानातून फिल्टर, अमोनिया-नायट्राइट तपासायचं किट आणि हायपो घेऊन या. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो पक्का करायला वापरायचे तेच. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्याने लगेच जातो. क्लोरीन माशांनाही मारतो आणि या जीवाणूंनाही. हायपो नसेल तर पाणी उघड्या बादल्यांत एक दिवस ठेवा. मग टँक भरा, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा, आणि मुलीला रोज चिमूटभर माशांचं खाणं पाण्यात टाकू द्या. ते कुजून अमोनिया होतो आणि जीवाणूंना खाद्य मिळतं. ओळखीत कोणाचा चालता, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा एक तुकडा ओल्या पिशवीत मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. वेळ बराच वाचतो.

दोन-तीन दिवसांनी एकदा किटने तपासून वहीत लिहून ठेवा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, त्या काळात पाणी थोडं पांढुरकंही होईल. घाबरून टँक रिकामा करू नका. खाणं टाकत असतानाही दोन्ही शून्य दिसू लागले की तीन-चार मासे आणा, त्याहून जास्त नकोत. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, टँकचं थोडं थोडं पाणी तिच्यात घाला, आणि मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.