बोनस, दिवाळी आणि दीड हजाराचे इअरफोन

चि. लेकास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पोचला. पहिला बोनस हातात पडणार, दीड हजारापर्यंत इअरफोन घ्यायचेत, कुठले घेऊ? एका ओळीत उत्तर हवं असेल तर वायरवाला घे. पण कारण कळल्याशिवाय तू कुणाचं ऐकत नाहीस, गणपतीत या काकाबरोबर साउंडच्या वायरी ओढत होतास तेव्हापासून बघतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं. हा दीड हजार भाऊबीजेची ओवाळणी बाजूला काढून उरलेला आहे का? कायद्याप्रमाणे बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, आणि तोही तू जेवढे दिवस भरलेस तेवढ्याच पगारावर. कामाला लागून तुला अजून वर्ष झालेलं नाही, तेव्हा हातात येणारा आकडा मनातल्या आकड्याहून लहानच असणार. ओवाळणी आणि घरचं काढून हजारच उरले तर हजारात बसव. हजारातही चांगलं मिळतं. महिन्याच्या हप्त्यावर इअरफोन घेऊ नकोस, एवढंच.

आता तुझ्या कानाचं. दुकानदार हे विचारणार नाही, म्हणून मी विचारतो. तू कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, त्यातही फेटलिंगला, ओतलेल्या तुकड्यांच्या कडा घासायला. ग्राइंडर दिवसभर कानाशी. आपल्याकडच्या कारखान्याच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र ऐकण्याच्या बाबतीत म्हणते की ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास ठीक, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. त्या हिशेबानं ९० डेसिबलला आठवड्याला चारच तास होतात. म्हणजे तुझा कान आठवड्याचा कोटा कारखान्यातच संपवून घरी येतो. वर केएमटी बसच्या इंजिनावर मात करायला तू फोनचा आवाज शेवटच्या काडीपर्यंत चढवणार. डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहून ज्यांचे कान गेले, अशी माणसं माझ्या धंद्यात भरपूर आहेत. त्यांना आता माईकची शिट्टी आधी ऐकू येत नाही, लोक ओरडायला लागले की कळते.

म्हणून तुला असा इअरफोन हवा, जो बाहेरचा आवाज आपोआप अडवेल आणि कमी आवाजातही सगळं स्पष्ट देईल. त्यासाठी महागडं काही लागत नाही. कानाच्या भोकात घट्ट बसणारी सिलिकॉनची टोपी लागते. डब्यात तीन मापांच्या टोप्या येतात आणि बहुतेक पोरं मधली लावूनच आयुष्य काढतात. तू तिन्ही लावून बघ. दोन्ही कानांना वेगळं माप लागलं तरी लाजू नकोस, पुष्कळांना लागतं. टोपी सैल राहिली की खर्जातला आवाज बाहेर गळतो, मग माणूस बास नाही म्हणून कंपनीला शिव्या देतो.

एएनसी आणि ईएनसी या दोन अक्षरसमूहांनी बाजारात बराच गोंधळ घातलाय. एएनसी तुझ्या कानात येणारा आवाज कापतं, तेही बसच्या इंजिनासारखी एकसुरी घरघर. फटाक्याचा बार किंवा शेजारच्याची बडबड त्याला नीट जमत नाही. ईएनसी हे फक्त माईकचं काम. तू फोनवर बोलताना समोरच्याला मागचा गोंगाट कमी ऐकू यावा एवढंच. डब्यावर मोठ्या अक्षरात ईएनसी लिहिलेलं बघून लोक घरी येतात आणि पंख्याचा आवाज बंद होईना म्हणून रडतात. दीड हजारात एएनसी असलं तरी नावापुरतंच समज.

मग वायरच का? बिनवायरच्या त्या दोन गोळ्यांत एवढीशी बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती बसते, बहुधा एका बाजूची आधी, आणि ती बदलायची सोय नसते. गोळी चिकटवून बंद केलेली असते, उघडायला गेलं की मोडते. डब्यावरचे चाळीस तास म्हणजे केससकट, तेही आवाज अर्ध्यावर ठेवून मोजलेले. धावपळीत एक गोळी गटारात गेली की उरलेली एक खिशात घेऊन फिरायचं. नेकबँड त्यातल्या त्यात बरा, बॅटरी मोठी असते, पडत नाही, आणि माझ्यासारख्याला उघडून दुरुस्त करता येण्याची थोडी आशा असते. बसमध्ये उभ्यानं प्रवास आणि हातात डबा असं तुझं रोजचं असेल, वायर सारखी अडकत असेल, तर नेकबँड घे, मी रागावणार नाही.

पण तुझ्या फोनला अजून गोल जॅक आहे. त्याचा फायदा घे. त्याच पैशात बॅटरी, ब्लूटूथ, चार्जिंगची केस यांचा खर्च वाचतो आणि तो आवाजाच्या कामी येतो. शिवाय फोनमधला एफएम रेडिओ वायरलाच अँटेना करतो, बिनवायरच्याला ते जमत नाही. केझेड, मूनड्रॉपसारख्या चिनी कंपन्यांचे आयईएम, म्हणजे कानाच्या भोकात घट्ट बसणारे इअरफोन, तुझ्या बजेटच्या आसपास मिळतात. त्यातला ज्याची वायर काढता-घालता येते तो बघ. इअरफोन मरतो तो वायरीमुळे, जॅकच्या मानेपाशी किंवा जिथं एका वायरीच्या दोन होतात तिथं. वायर सुटी असली की दोन-तीनशेत नवी घालायची, बाकी सगळं तसंच. फोन पुढं बदललास आणि त्याला गोल भोक नसलं, तर टाइप-सीचा कन्व्हर्टर लागेल. तो घेताना आत स्वतःची चिप असलेलाच माग. काही स्वस्त कन्व्हर्टरांत ती नसते आणि ते प्रत्येक फोनवर चालत नाहीत.

घ्यायला ऑनलाइन सेलच्या नादी लागण्याआधी एकदा राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात जा, जिथं कानात घालून बघू देतात. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी जाऊ नकोस, तेव्हा दुकानदाराला बोलायला वेळ नसतो. फोन तुझा ने. दुकानदार धडधडणारं गाणं लावून देईल, त्यात कुठलाही इअरफोन भारी वाटतो. तू आधी आईचा व्हॉइस मेसेज लाव. तो आवाज तुला पाठ आहे, तो नाकातला किंवा पिंपातला वाटला तर इअरफोन खाली ठेव. मग हलगी. हलगीची थाप टणक्‌ करून तुटली पाहिजे. ती ढोलासारखी लांबत गेली तर बास फुगवलेला आहे. शेवटी नुसता तानपुरा लाव, गाणं नको. चारही तारा वेगळ्या कळल्या पाहिजेत आणि जवारीचा, म्हणजे घोडीपाशी तारेतून उठणारा, झंकार वर तरंगला पाहिजे. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी ज्या गावात गाणं केलं, त्या गावात राहून एवढं तरी ऐकता आलं पाहिजे की नको? हे सगळं करताना आवाज निम्म्याच्या खाली ठेव. जोरात सगळंच चांगलं वाटतं.

पक्कं बिल घे. कानात घालायची वस्तू असल्यामुळे डबा फोडल्यावर पुष्कळ ठिकाणी परत घेत नाहीत, तेव्हा पैसे देण्याआधी विचार.

घेतल्यावर पहिली गोष्ट, कारखान्यात नेलास तर डबीत बंद ठेव. इअरफोनच्या आत चुंबक असतो आणि तुझ्या कपड्यांवर लोखंडाची भुकटी. खिशात मोकळा टाकलास की ती जाळीला जाऊन चिकटते, ती सुटता सुटत नाही. आणि शॉपमध्ये कानात घालून काम करायचं नाही. क्रेनचा भोंगा ऐकू आला नाही तर काय होतं ते तुला मी सांगायला नको. तिथं कंपनी देते ते इअरमफच. एका बाजूचा आवाज कमी झाला तर घाबरू नकोस, बहुतेकदा जाळीत मळ बसलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशनं, तोंड खाली धरून झाड. आणि वायर बोटांभोवती आवळून गुंडाळायची नाही. माईकच्या केबली कशा सैल वेटोळ्यात ठेवायच्या ते तुला शिकवलंय, हीसुद्धा केबलच आहे.

दिवाळीच्या दिवसांत तशीही त्याची फार गरज पडणार नाही. पेठेत पोरं किल्ले करतात तिथं तुझी माती कालवायला वाट बघत असतील. फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत परवानगी आहे, तेव्हा लहानग्यांना सुतळी बॉम्बजवळ उभं करू नका. पाडव्याला सागरमाळला किंवा शनिवार पेठेत म्हशी बघायला जाशीलच. शिंगं रंगवलेली, कवड्यांच्या माळा, मोरपिसं, आणि सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं धन्याच्या हाकेवर सुटलेली म्हैस. त्या गर्दीत कानात काही घालून उभं राहायचं नाही. म्हैस हॉर्न वाजवत नाही. एरवी रस्ता ओलांडताना, गाडी चालवतानाही तेच.

तुझा तो जुना इअरफोन, एक कान बंद पडलेला, फेकू नकोस. पाडव्याच्या दुपारी दुकानावर घेऊन ये, मी असतो. जॅक कापून नवा लावू, सोल्डरिंग तू करायचंस, मी बघतो. धाकटीला तो वापरता येईल. येताना आईकडनं कडबोळी आण, चकली आमच्याकडं आहे.

तुझा,
साउंडवाला काका