लॅम्डा १.३ आला असेल तर भागाकार नको, आधी प्लेट मॅप मागा

तुमची पोस्ट वाचली. टाइप २ मधुमेहाच्या ६०० केसेस (आजार असलेले), ६०० कंट्रोल (आजार नसलेले), सगळे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. मॅनहॅटन प्लॉटवर (एक ठिपका म्हणजे एक मार्कर, डीएनएत माणसामाणसांत फरक असलेली एक जागा) चाळीसेक ठिपके रेषेच्या वर, लॅम्डा (सगळे निकाल मिळून किती फुगलेत याचं माप, १ च्या जवळ हवं) १.३, आणि गाइड म्हणतात, लॅम्डाने भागून टाक आणि पेपर लिहायला घे. अगदी हाच प्रकार मी भोगलाय, म्हणून सविस्तर लिहितो. जीवॉस (आजाराशी जोडलेले मार्कर सगळ्या जिनोमभर शोधणं) कसं चालतं, पी-व्हॅल्यूची ५ × १०⁻⁸ ची रेषा कुठून आली, यात शिरत नाही, ते तुम्हाला येतंय हे पोस्टवरून दिसतंच. मी बायोटेकवाला, स्टॅटिस्टिक्स कामापुरतं शिकलेला. एखादा मुरलेला स्टॅटिस्टिशियन वेगळं सांगत असेल तर त्याचंही ऐका.

पहिली गोष्ट, भागू नका. लॅम्डाने भागलं की सगळ्याच मार्करच्या टेस्टची किंमत सारख्या प्रमाणात उतरते. गडबड काही ठरावीक मार्करमध्ये असेल तर ते भागूनसुद्धा वरच राहतात आणि खरा, पण बारीक सिग्नल मात्र मरतो.

दुसरी, तुमच्या आकड्यांत चाळीस खरी शिखरं बसूच शकत नाहीत. मधुमेहातला सगळ्यात दणकट कॉमन मार्कर म्हणजे टीसीएफ७एल२ जीनमधला, २००६ साली आइसलंडच्या गटाने दाखवलेला. त्याचा ऑड्स रेशो (आजाराचा धोका ढोबळमानाने किती पट) साधारण १.४. अलीलची (मार्करच्या धोक्याच्या रूपाची) फ्रीक्वेन्सी ३० टक्के धरून हिशोब करा, ६०० विरुद्ध ६०० मध्ये झेड (फरक योगायोगापेक्षा किती मोठा याचं माप) येतो ३.८ च्या आसपास. रेषा ओलांडायला ५.४५ लागतो. म्हणजे सगळ्यात मोठा गडीसुद्धा बहुतेक वेळा रेषेखालीच राहणार. १.२ वाल्यांचं तर नावच नको. मग हे चाळीस आले कुठून?

माझ्या बाबतीत ते आले जेनोटायपिंग (मार्कर वाचण्याचं काम) करून देणाऱ्या एका लॅबमधून. नाव लिहीत नाही. आम्ही डीएनए पाठवताना लेखी सांगितलं होतं की प्रत्येक ९६ सॅम्पलच्या प्लेटवर केसेस आणि कंट्रोल मिसळून लावा. त्यांनी आधी सगळ्या केसेस उरकल्या. कंट्रोल काही महिन्यांनी लावले, तेही चिपच्या (मार्कर वाचणाऱ्या पट्टीच्या) नव्या आवृत्तीवर, आणि आम्हाला हे कळवलंसुद्धा नाही. रिपोर्ट म्हणून एकच गोंडस फाइल आली. प्लेट मॅप (कुठलं सॅम्पल कुठल्या प्लेटवर याचा नकाशा) मागितला तर "तो अंतर्गत कागद आहे". इंटेन्सिटीच्या (चिपवरच्या चमकेच्या) कच्च्या फाइल मागितल्या तर "पॉलिसीत बसत नाही". फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामकहाणी. अनुदानाचा पैसा त्यांच्याकडे गेलेला, त्यामुळे सगळं काम दुसरीकडे न्यायचीही सोय नाही. माझी फेलोशिप त्या पत्रव्यवहारातच संपली. आजही त्याचा संताप येतो, कारण चारशे रुपयांच्या रोजंदारीवर पाणी सोडून लोक आम्हाला रक्त द्यायला आले होते.

यात नेमकं काय बिघडतं ते आपल्याकडच्या भाषेत सांगतो. निम्म्या शेतकऱ्यांचा ऊस एका काट्यावर तोलला, निम्म्यांचा दुसऱ्यावर, आणि मग कोणाचा उतारा जास्त यावर चर्चा केली, तर तो फरक उसाचा की काट्याचा? सगळ्या केसेस एका बॅचमध्ये आणि सगळे कंट्रोल दुसऱ्या बॅचमध्ये असतील तर 'आजार' आणि 'बॅच' हे दोन्ही कॉलम एकच होतात. मग पीसी (लोकांच्या वंशातला फरक टिपणारे अक्ष) घाला, मिक्स्ड मॉडेल (नातेसंबंध हिशोबात धरणारं) लावा, प्लिंक सोडून रेजिनी (दोन्ही जीवॉसची सॉफ्टवेअर) चालवा, कुठलंच गणित ते दोन वेगळे करू शकत नाही. हे मोठमोठ्यांना भोवलंय. शतायुषी लोकांवरचा बोस्टनच्या गटाचा पेपर २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये आला आणि २०११ मध्ये मागे घ्यावा लागला. केसेस आणि कंट्रोलसाठी वेगवेगळ्या प्रकारच्या चिप वापरल्या होत्या, आणि त्यातल्या एका चिपवर काही मार्कर चुकीचे वाचले गेले होते. डेटा साफ करून तो २०१२ मध्ये दुसऱ्या जर्नलमध्ये छापला गेला.

तुमच्याकडे असंच झालंय की नाही हे बघायला फार काही लागत नाही. आधी वरच्या ठिपक्यांकडे नीट बघा. खऱ्या शिखराला शेजारी असतात. एलडीमुळे (जवळचे मार्कर वारशाने एकत्र येतात म्हणून) आजूबाजूचे मार्करही थोडे थोडे वर चढतात आणि खांबासारखा आकार दिसतो. ठिपका एकटाच आभाळात लटकलेला असेल तर माझा त्यावर शून्य विश्वास. त्याचा क्लस्टर प्लॉट काढा. मार्करचे तीन जेनोटाइप, म्हणून माणसांच्या ठिपक्यांचे तीन ढग सुटे दिसायला हवेत. आमच्या पहिल्याच 'शोधात' कंट्रोलमधला मधला ढग डावीकडच्यात शिरला होता आणि मशीनने निम्म्या हेटेरोझायगोटना (दोन प्रती वेगळ्या) होमोझायगोट (दोन्ही सारख्या) ठरवलं होतं. मग प्लिंकमध्ये टेस्ट-मिसिंग चालवा. केसेस आणि कंट्रोलमध्ये मिसिंगचं (वाचता न आलेल्यांचं) प्रमाण वेगळं असलेले मार्कर काढून टाका. कंट्रोल दोन बॅचमध्ये लागले असतील तर एका बॅचला 'केस' मानून कंट्रोल विरुद्ध कंट्रोल असं जीवॉस करा. तिथे जे वर येईल ते आजाराचं असूच शकत नाही. आणि दोन चिप असतील तर दोन्हींवर असलेले मार्करच घेऊन एकत्र इम्प्युटेशन (न वाचलेले मार्कर अंदाजाने भरणं) करा, वेगवेगळं करून नंतर जोडू नका.

आता आपल्या भागाचं. हार्डी-वाइनबर्गची चाळणी (जेनोटाइपचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे आहे का ही तपासणी) डोळे मिटून ०.०५ ला लावू नका. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होतं, त्यामुळे होमोझायगोट थोडे जास्त निघणं स्वाभाविक आहे, आणि ते सगळ्या जिनोमभर निघतं. कंट्रोलमध्ये १०⁻⁶ च्या खाली जाणाराच मार्कर मी काढतो. नातेवाईकही नकळत सॅम्पलमध्ये येतात, कागलच्या एकाच भावकीतले दोघे वेगवेगळ्या आडनावाने सापडले होते. त्यामुळे मिक्स्ड मॉडेल हवंच, पण बॅचचं निस्तरल्यावर. थाउजंड जिनोम्स या तुलनेसाठी वापरतात त्या डेटात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, यूकेतले तमिळ आणि तेलुगू. मराठी एकही नाही. म्हणून पीसी स्वतःच्या सॅम्पलवरही काढा. कंट्रोल इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांतून आणि केसेस करवीर-पन्हाळ्यातून घेतल्या असतील तर बाहेरून आलेल्या माणसांचा फरकच आजाराचा फरक म्हणून दिसेल. आणि कंट्रोल कॉलेजच्या रक्तदान शिबिरातले असतील तर त्यांचं वय बघा. बावीस वर्षांच्या पोराला मधुमेह नाही, याला काय अर्थ आहे?

जाता जाता, निकाल एक्सेलमध्ये उघडू नका. मार्च१, सेप्ट२ अशा जीनच्या नावांच्या तारखा होतात. हा ताप इतका वाढला की २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जीनची नावंच बदलली.

आम्ही शेवटी काय केलं? थोड्या केसेस आणि थोडे कंट्रोल एकाच प्लेटवर पुन्हा लावून घेतले, दुसरीकडे. दोन्ही वेळा वेगळं उत्तर देणारे मार्कर फेकले. शिखरं जवळजवळ सगळी गेली, लॅम्डा १.०३ वर आला. जे उरलं ते 'शोध' म्हणून न मांडता मोठ्या मेटा-ॲनालिसिसला (अनेक अभ्यास एकत्र मोजणाऱ्या कामाला) दिलं. माझ्या मते ६०० च्या अभ्यासाची तीच खरी जागा आहे. गाइडना हे पटवणं अवघड जाईल, त्यांना क्लस्टर प्लॉट छापून दाखवा, तोंडी वाद घालू नका.

लॅबला आजच ईमेल करा, फोन नको. प्लेट मॅप, चिपची आवृत्ती, रन केल्याच्या तारखा आणि इंटेन्सिटी फाइल अशा चारही गोष्टी एकाच ईमेलमध्ये मागा आणि विभागप्रमुखांना सीसी ठेवा. शेवटचं बिल अजून दिलं नसेल तर फाइल हातात येईपर्यंत देऊ नका. मॅप मिळाला की पहिल्या दोन पीसींचा प्लॉट प्लेटनुसार रंगवून इथे टाका, मी बघतो.