नाटकाला जाणे हे कामात मोडते का? मुक्तलेखन करणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरे

प्रश्न : मी सांगलीत राहते. चार वर्षांपूर्वी शाळेतली नोकरी सोडून मी पूर्णवेळ मुक्तलेखन सुरू केले. सकाळी औषधांच्या माहितीपत्रकांचे भाषांतर, दुपारी मुद्रितशोधन आणि उन्हाळा सरला की दिवाळी अंकांचे लेख, असा माझा दिनक्रम आहे. गेल्या दीड वर्षात मी एकही नाटक पाहिलेले नाही की मैफल ऐकलेली नाही. भाषांतराचे पैसे शब्दांच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे बाहेर घालवलेली संध्याकाळ म्हणजे बुडालेले उत्पन्न, असे वाटून मन खाते. घरची मंडळी ‘तू घरीच तर असतेस’ असे म्हणतात. त्यांच्याकडे वेगळी फुरसत कोणत्या तोंडाने मागायची? शिवाय पाहण्या-ऐकण्यासारखे जे काही असते ते पुण्या-मुंबईत. अलीकडेच एका संपादकांनी ‘माहिती बरोबर आहे, पण लेख कोरडा झाला आहे’ असे कळवून माझा लेख परत पाठवला. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा मजकूर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोरडेपणाचे मूळ तुमच्या भाषेत नाही, हे पत्र वाचूनच कळते. ते तुमच्या दिनक्रमात आहे. भाषांतर आणि मुद्रितशोधन ही दोन्ही कामे दुसऱ्याच्या शब्दांवरची. ती प्रामाणिकपणे करणारा माणूस दिवसभर स्वतःजवळचे शब्द खर्चत असतो आणि नवे काही डोळ्यांखालून, कानांवरून गेले नाही तर वर्षभरात त्याला आपलेच ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा वापरावे लागतात. मी स्वतः या अवस्थेतून गेले आहे. त्यामुळे नाटक, मैफल, प्रदर्शन किंवा एखाद्या कारागिराच्या दुकानात घालवलेली दुपार यांचा हिशेब करमणुकीच्या खात्यावर मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुताराने लाकूड पारखायला वखारीत जावे, तसे लेखकाने तिथे जावे.

सगळे पुण्या-मुंबईत असते, हे मात्र मी मान्य करणार नाही. तुमच्या घरापासून जेमतेम दहा किलोमीटरवर मिरज आहे आणि माझ्या लेखनात जे थोडेबहुत बरे आहे, त्यातले काही मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मिळालेले आहे. काही वर्षांपूर्वी तंतुवाद्यांवरच्या आठशे शब्दांच्या लेखासाठी मी पुण्याहून तिथे गेले होते. भरपूर बोलणारा कोणी भेटेल, आपण टिपून घेऊ आणि दुपारच्या गाडीने परतू, असा माझा बेत होता. प्रत्यक्षात ज्या कारागिरांच्या दुकानात मी बसले, ते अत्यंत अबोल निघाले. मागे सुकलेल्या मोठ्या भोपळ्यांची रास होती आणि समोर त्यांच्या मांडीवर एक तंबोरा होता. ते तार सैल करून बाजूला सारत, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने अगदी हलक्या हाताने दोन-तीनदा घासत, तार पुन्हा चढवत, छेडत आणि मान कलती करून ऐकत. मग पुन्हा तार सैल, पुन्हा कानस. हे तासभर चालले. शेवटी त्यांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सारला, तो केसभर मागे, केसभर पुढे केला, आणि इतका वेळ बद्द आवाजात बोलणारी ती तार एकदम गुंजायला लागली. तारेच्या या गुंजण्यासाठीचा ‘जवारी’ हा शब्द मी तोवर अनेकदा लिहिला होता. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. ते एवढेच म्हणाले, “घासून सगळं होत नाही, कुठं थांबायचं ते कळावं लागतं.”

त्या आठशे शब्दांच्या लेखात यातले फारच थोडे आले. पण दोन वर्षांनी एका लघुकथेचे भाषांतर करताना संवादाचे एक वाक्य काही केल्या बसेना, तेव्हा मला तो धागा आठवला. वाक्य नव्याने रचण्याचा नाद सोडून मी त्यातला एकच शब्द जागेवरून हलवला आणि ते बसले. मिरजेतल्या त्या दुपारी माझे काही शब्दांचे भाषांतर बुडाले असेल. पण तिने मला जे दिले, ते टेबलाशी बसून मिळाले नसते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ठिकठिकाणी बातम्या छापून आल्या. त्या वाचताना मला राहून राहून वाटत होते की, या बातम्या लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी तिथे तासभर बसून जवारी निघताना ऐकली असेल? तुम्हाला ते सहज शक्य आहे. शहरी बसने अर्ध्या तासात पोहोचाल.

मिरजेपुरतेच थांबायचेही कारण नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवरा’चा प्रयोग केला तो तुमच्याच गावात, आणि त्या प्रयोगाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन म्हणून पाळतो. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी राज्यातल्या अनेक केंद्रांवर होते आणि तिचे तिकीट व्यावसायिक नाटकाच्या तिकिटाच्या पासंगालाही पुरत नाही. तिथले सगळेच प्रयोग चांगले असतात, असे मी म्हणणार नाही. मात्र फसलेला प्रयोग का फसला, याचा विचार करत घरी येणे हाही लेखकाचा मोठा अभ्यास आहे. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव असतो, आणि संक्रांतीला कृष्णाकाठी औदुंबरला साहित्य संमेलन भरते. यांपैकी कोठेही खिशाला मोठी झळ बसणार नाही.

आता वेळ आणि पैसा. मी अनेक वर्षे एक पद्धत पाळते आहे. मानधन जमा झाले की त्यातले शंभरामागे पाच रुपये मी वेगळ्या खात्यात टाकते आणि तिकिटे, प्रवास, प्रदर्शनातली पुस्तिका हा खर्च फक्त त्यातूनच करते. दिवाळी अंकांचे मानधन बहुधा अंक निघून गेल्यावर, कधी कधी वर्ष उलटताना येते, म्हणून पावसाळ्यात या खात्यात जवळजवळ काही नसते. अशा वेळी मी व्याख्याने आणि ग्रंथालये यांवर भागवते. ठरलेले पैसे आधीच बाजूला असले की मन खात नाही, हा माझा अनुभव आहे.

घरच्यांच्या बाबतीत मला तुमच्याबद्दल मनापासून सहानुभूती वाटते, कारण ‘घरीच तर असतेस’ हे वाक्य मीही पुष्कळ ऐकले आहे. त्यावर वाद घालून माझ्या पदरात काही पडले नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी बाहेर जाण्याच्या तारखा महिनाभर आधी लिहू लागले आणि तारखेपुढे ‘काम’ एवढाच शब्द घालू लागले, तेव्हा फरक पडला. पाहुणे, गॅसची टाकी, नळ दुरुस्त करणारे, हे सारे त्या तारखा टाळून ठरू लागले. परवानगी मागायची नाही, तारीख सांगायची. तुमच्या घरात कोणाला नाट्यसंगीताची आवड असेल तर एखाद्या वेळी त्यांनाही सोबत न्या. पण दर वेळी नको. सोबत कोणी असले की आपण त्यांच्या डोळ्यांनी पाहू लागतो.

परत आलेल्या लेखाबद्दल : तो टाकून देऊ नका. ज्या ठिकाणाविषयी किंवा माणसाविषयी तो आहे, तिथे एकदा वहीशिवाय जाऊन या आणि मगच पुन्हा लिहायला घ्या.

प्रश्न : मी डोंबिवलीचा, वय चोवीस. नाट्यपरीक्षणे आणि प्रदर्शनांवरचे लेख लिहितो. पाहताना खूप काही सुचते, पण दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो की ‘सुंदर’, ‘प्रभावी’, ‘अंगावर येणारे’ अशी विशेषणेच हाती लागतात. प्रयोग चालू असताना मोबाइलवर टिपणे घ्यावीत का?

उत्तर : मोबाइलवर तर नाहीच. अंधारात उजळलेला पडदा मागच्या चार रांगांचा रसभंग करतो आणि रंगमंचावरच्या नटालाही तो दिसतो. टिपण प्रयोग संपल्यावर घ्यावे; मात्र त्याच रात्री, आणि कोणाशीही बोलण्याआधी. दादरला शिवाजी मंदिरात प्रयोग पाहून तुम्ही डोंबिवलीला परतता, तेव्हा लोकलमधला तासाभराचा वेळ तुमच्या हाताशी असतो. तो तुमचा सर्वांत मोलाचा वेळ आहे. मित्रांबरोबर चर्चा सुरू झाली की त्यांची मते आपल्या आठवणीत मिसळतात आणि नंतर ती वेगळी काढता येत नाहीत.

त्या टिपणात एकही विशेषण लिहायचे नाही, असे बंधन महिनाभर स्वतःला घालून पाहा. फक्त घडलेल्या गोष्टी लिहा. नायिकेने पत्र वाचताना ते कोणत्या हातात धरले होते? प्रेक्षक हसले ते नेमक्या कोणत्या शब्दावर, आणि एखाद्या जागी हसू यायला हवे असताना सगळे गप्प का राहिले? दुसऱ्या अंकात दिवाणखान्यातली कोणती वस्तू नाहीशी झाली होती? मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभे असताना कोणते वाक्य तुमच्या डोक्यात घोळत होते? अशी सात-आठ वाक्ये पुरेत. मी ती जुन्या सवयीने तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहीत असे; आता तिकीट बहुतेक वेळा फोनवरच येते, म्हणून पर्समध्ये छोटी वही ठेवते. दुसऱ्या दिवशी या वाक्यांवरून लेख रचलात की ‘प्रभावी’ हा शब्द लिहायची वेळच येणार नाही, कारण प्रभाव कशामुळे पडला ते तुम्ही दाखवलेले असेल.

प्रदर्शनांसाठी थोडे वेगळे करावे लागते. मुंबईत जहांगीर कलादालनात प्रवेशाला पैसे पडत नाहीत, म्हणून आपण सगळी दालने अर्ध्या तासात उरकतो. त्याऐवजी एकाच चित्रासमोर पंधरा मिनिटे उभे राहा. पहिल्या पाच मिनिटांत कंटाळा येईल, पाय दुखतील. तरी थांबा. चित्रात प्रकाश कोणत्या बाजूने येतो आहे, हे मला बहुतेक वेळा त्यानंतरच दिसते.

प्रश्न : एका यात्रेला स्वखर्चाने जाऊन मी तिच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिला. अंक निघाला, मानधन आले नाही आणि आता संपादक फोन घेत नाहीत. तोच लेख मला दुसरीकडे देता येईल का? (नाशिक)

उत्तर : तुमच्या पत्रावरून दिसते की तुम्ही त्या अंकाचे नोकर नव्हता आणि तुम्ही कोणत्याही करारावर सही केलेली नाही. तसे असेल तर लेखाचा स्वामित्वहक्क तुमच्याकडेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. फोनवर ‘लेख पाठवा’, ‘पाठवते’ एवढे बोलणे झाल्याने हक्क जात नाही. लेखी हस्तांतरणातही मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तेव्हा लेख अवश्य दुसरीकडे द्या. नव्या संपादकांना तो पूर्वी छापून आल्याचे आधीच सांगा आणि शक्य तर यंदा पुन्हा त्या यात्रेला जाऊन त्यात नवी भर घाला.

थकलेल्या मानधनासाठी लेखाचे नाव, शब्दसंख्या, ठरलेली रक्कम आणि बँकेचा तपशील घालून एक रीतसर बिल ईमेलने पाठवा. फोन न घेणारे संपादकही हिशेबनिसाकडे गेलेले बिल सहसा अडवत नाहीत. पुढच्या वेळी लेख पाठवतानाच खाली दोन ओळी लिहीत जा : ‘हा लेख केवळ या अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे. मानधन अंक प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात मिळावे.’ आणि प्रवासाला जाण्याआधीच प्रवासखर्च मिळेल का, हे विचारा. अनेक संपादक तो देतात. मी विचारायला लागले तेव्हा मला तो मिळू लागला.