चार्जर चालतो म्हणजे कॅमेरा चालतो असं नाही

ताई, मुलाची मुंज वैशाखात, बजेट पंचवीस हजार, दीर न्यू जर्सीहून मार्चअखेर येतोय आणि कॅमकॉर्डर तिथे स्वस्त पडतो, इथवर ठीक होतं. पण "चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ते बघून घेतलं, आणखी काही बघायचं का?" हे तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. २००६ साली माझ्या साडूला फोनवर मी हेच म्हणालो होतो.

ऑप्टिकल (भिंगाने जवळ आणणारा) झूम बघा, डिजिटल (नुसतं चित्र कापून मोठं करणाऱ्या) झूमच्या आकड्याला भुलू नका, हे तुम्हाला बाकीचे सांगतीलच. मी ज्यात पोळलो तेवढंच सांगतो. आधीच कबूल करतो, मी काही शूटिंगवाला नाही. बँकेत नोकरी केली आणि घरचे कार्यक्रम टिपले, एवढाच अनुभव.

तर साडूने डलासहून मिनीडीव्ही टेपवाला कॅमकॉर्डर आणला. पिन बदलायचं अडॅप्टर लावलं, बॅटरी चार्ज झाली, आम्ही खूश. पहिले तीन-चार महिने काहीही बिघडलं नाही, आणि तिथेच फसलो. सिंहगड, कोकणातलं गाव, पोरांचं क्रिकेट, सगळं उन्हातलं शूटिंग. घरचा टीव्ही पाल (आपल्याकडची चित्रपद्धत) आणि एनटीएससी (अमेरिकेतली) दोन्ही दाखवणारा, त्यामुळे वायर जोडली की चित्र छान दिसायचं. कॅमेरा आपल्याकडचा नाही हे जाणवायला काही कारणच घडलं नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. कार्यालय जुनं, छताला ओळीने ट्यूबलाइट, त्याही चोकवाल्या. मी सकाळी सातपासून तिपाई लावून उभा. कॅमेऱ्याच्या अडीच इंची पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. रात्री पाहुणे गेल्यावर टेप टीव्हीवर लावली तर चित्र धपापतंय. म्हणजे सबंध चित्र क्षणात उजळ, क्षणात मंद, भिंत कधी पिवळट, कधी निळसर. पाच मिनिटं बघितलं की डोकं दुखायला लागायचं. बायको म्हणाली, टीव्ही बिघडला असेल. मलाही तसंच वाटावंसं वाटत होतं.

कारण मला नंतर कळलं, ते तुम्ही आत्ताच समजून घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्यांना ते कळत नाही. पाल कॅमेरा सेकंदाला ५० वेळा चित्र घेतो, म्हणजे दर वेळी त्याच्या वाट्याला बरोबर दोन उजेड येतात आणि सगळी चित्रं सारखी उजळ निघतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला कॅमेरा सेकंदाला ६० वेळा चित्र घेतो. तो आपल्या ट्यूबखाली धरला की एका चित्राच्या वाट्याला दीड-पावणेदोन उजेड येतात, कधी जास्त कधी कमी. म्हणून ती धडधड. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, सीसीडी प्रकारचा, त्यात अख्खं चित्र धपापायचं. हल्लीच्या सीमॉस सेन्सरमध्ये त्याऐवजी काळपट आडवे पट्टे वरून खाली सरकताना दिसतात. रोग तोच.

यावर औषध होतं, शटर १/१०० वर बांधून ठेवायचं, म्हणजे प्रत्येक चित्र सेकंदाच्या शंभराव्या भागात टिपायचं. मग प्रत्येक चित्राला बरोबर एक उजेड मिळतो आणि फडफड थांबते. चित्र थोडं काळोखं येतं, पण स्थिर येतं. गंमत अशी की माझ्या कॅमेऱ्यात शटर हाताने लावायची सोयच नव्हती. हौशी माणसाला कशाला हवं, म्हणून कंपनीने काढून टाकलेलं. नाइट मोड होता, बर्फाचा मोड होता. पुण्यात बर्फाचा मोड!

पुढचं ऐका. वाटलं, निदान डीव्हीडी तरी करून घेऊ, नातेवाईक मागत होते. टेप घेऊन लॅबमध्ये गेलो. तिथल्या माणसाने त्याच्या डेकमध्ये, म्हणजे टेप चालवायच्या यंत्रात, ती घातली तर पडदा निळा. त्याचा डेक फक्त पाल. म्हणाला, कॅमेराच आणा, त्यातूनच फायरवायरने (संगणकाला जोडायच्या केबलने) घेतो. दुसऱ्या दिवशी कॅमेरा नेला, त्याने घेतलं, आणि मग आपल्या नेहमीच्या सवयीने पालमध्ये फिरवून दिलं. सेकंदाला ३० फ्रेमचं (वर सांगितलेल्या दोन चित्रांची मिळून एक फ्रेम) २५ केलं की मधल्या फ्रेम उडतात. सुवासिनी ओवाळताहेत तर तबक सरकत नाही, उड्या मारत पुढे जातं. आधीच धडधड, त्यावर हे धक्के.

आणि मग जून. पहिल्या पावसात कॅमेऱ्यावर दमटपणाचं चिन्ह आलं आणि टेप आत अडकली. तीच टेप, मूळ. मी ती पुन्हा बघायला लावली होती.

त्याच कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. नाव घेत नाही, आता त्याचा उपयोगही नाही. काउंटरवरच्या मुलाने मॉडेल नंबर संगणकात टाकला आणि म्हणाला, हे मॉडेल सिस्टिममध्ये येत नाही. म्हटलं, वॉरंटी नको, पैसे देतो, फक्त टेप काढून द्या. म्हणाला, मॉडेल येत नाही तर जॉबशीट निघत नाही, आणि जॉबशीटशिवाय आम्ही मशीन उघडत नाही. दुसऱ्या खेपेला साहेब भेटले. त्यांनी अमेरिकेतली खरेदीची पावती मागितली. साडूने बिचाऱ्याने शोधून ईमेलने पाठवली. तिसऱ्या खेपेला पावतीची प्रिंट घेऊन गेलो तर वेगळेच साहेब. ते म्हणाले, पावती कशाला आणलीत, हे मॉडेल आपल्याकडे विकलंच जात नाही. तीन खेपा, तीन अर्ध्या रजा. माझ्या डोळ्यांसमोर कॅमेऱ्यात टेप, टेपमध्ये वडील, आणि मधे एक जॉबशीट. आमच्या बँकेतही लोकांना आम्ही असंच पळवत असू बहुतेक, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं. असो.

शेवटी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास एक दुरुस्तीवाला मिळाला. त्याने चार स्क्रू काढले, चिमट्याने टेप सोडवली, २५० रुपये घेतले. आठ-दहा सेकंदांची पट्टी चुरगळली होती, तेवढी गेली. कॅमेरा पुढे चालला म्हणा, पण माझं मन उडालं.

आता तुमचं बघू. टेप आता कोणी वापरत नाही, तुम्हाला तो त्रास नाही. पण ५० आणि ६० चा घोळ आजही जसाच्या तसा आहे. दिराला सांगा, कॅमेऱ्याच्या तपशिलात ५०पी किंवा ५०आय (म्हणजे सेकंदाला ५० चित्रं) लिहिलंय का ते बघ. फक्त ६०पी, ६०आय लिहिलं असेल तर घेऊ नको, कितीही स्वस्त असो. मिररलेस कॅमेऱ्यांत पाल-एनटीएससी अदलाबदल बहुधा मेन्यूतून करता येते, पण साध्या घरगुती कॅमकॉर्डरमध्ये ती सोय सहसा नसते. "फर्मवेअरने (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर बदलून) बदलतं" असं कोणी सांगितलं तर आधी स्वतः करून दाखवायला सांगा. घेऊन झालाच असेल तर त्यात शटर १/१०० वर लावता येतं का ते बघा. येत असेल तर निभावेल. येत नसेल तर त्याला तिथेच परत करायला लावा, तिकडे परत करणं आपल्यापेक्षा सोपं असतं.

आमच्या कार्यालयात आता एलईडी आहेत, मग काय बिघडलं, असंही कोणी म्हणेल. चांगल्या एलईडीला फडफड जवळजवळ नसते, खरंय. पण स्वस्त एलईडी आणि सजावटीच्या माळा ट्यूबपेक्षा वाईट फडफडतात. मुंजीच्या मांडवात माळा नसतील असं होणारच नाही.

आता कोणता घ्यावा. इथे माझं मत जरा एकारलेलं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. स्वस्त कॅमकॉर्डरचा बाजार आता जवळजवळ आटलाय. सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ हा २०१५ सालचा, ३० पट ऑप्टिकल झूम, हलका, भारतात विकला गेलेला, त्यामुळे इथलाच नग शोधला तर ५० वाला मिळेल. पॅनासॉनिकचा एचसी-व्ही१८० पण त्याच पंक्तीतला, झूम ५० पट. दोघांचेही सेन्सर १/५.८ इंचाचे, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. उजेडात बरे, संध्याकाळी चित्रात दाणे दिसणार. तुमच्याकडे गेल्या चार-पाच वर्षांतला बरा फोन असेल तर कार्यालयाच्या आतलं चित्र बहुधा फोनचंच चांगलं येईल. कॅमकॉर्डरचं खरं काम दोन ठिकाणी. एक, मागच्या खुर्चीवरून मुलाचा चेहरा जवळ आणायचा असेल तेव्हा. दोन, तिपाईवर लावून दोन तास न थांबता विधी घ्यायचा असेल तेव्हा, तुमचा फोन मात्र मोकळा आणि मध्येच कोणाचा कॉल नाही. साध्या स्टिल कॅमेऱ्यांपैकी अनेक जुने मॉडेल अर्ध्या तासाला एक मिनिट कमी असताना आपोआप थांबतात. मातृभोजन चालू असताना तो थांबला आणि कोणाचं लक्ष नसलं तर झालं.

आणि ऑनलाइन सहा-आठ हजारांत "फोरके, ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम" असे जे अनोळखी नावांचे कॅमकॉर्डर दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यात झूमच नसतो, चित्र कापून मोठं करतात. भिंग जागचं हलत नाही. खेळणं म्हणून पोरांना द्यायचं असेल तर वेगळं.

तुम्ही लिहिलंय की शेजारी कोणीतरी जुना मिनीडीव्ही चार हजाराला देतोय. तो घरच्या जुन्या टेपा उतरवायला हवा असेल तरच घ्या, आणि घरच्या टेपा पालच्या असतील तर कॅमेराही पालचाच हवा हे विसरू नका. शिवाय फायरवायरचं पोर्ट असलेला जुना संगणक लागेल, तासाला साधारण १३ जीबी जागा लागेल. मुंजीसाठी म्हणाल तर अजिबात नको.

आवाजाचं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. कॅमेरा वीस फुटांवर असला की त्याला गुरुजींचे मंत्र ऐकू येत नाहीत, पंखा आणि मागच्या रांगेतल्या मावश्या ऐकू येतात. सीएक्स४०५ ला बाहेरचा माइक जोडायची खाचच नाही. आम्ही भाच्याच्या मुंजीत एक जुना फोन रेकॉर्डिंग चालू करून, एअरप्लेन मोडवर, चौरंगाच्या कडेला रुमालाखाली ठेवला होता. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवली, नंतर एडिटिंगमध्ये त्या टाळीवर दोन्ही जुळवलं. भिक्षावळीतलं "ॐ भवति भिक्षां देहि" इतकं स्वच्छ आलं की आमचे गुरुजी स्वतःची प्रत मागून घेऊन गेले.

फाइलींबाबत एकच. एव्हीसीएचडी या कॅमकॉर्डरच्या रेकॉर्डिंग प्रकारात घेतलंत तर कार्डातल्या सुट्या एमटीएस (व्हिडिओच्या) फाइली उचलू नका, "प्रायव्हेट" नावाचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा दोन ठिकाणी उतरवा. मोठा विधी एका फाइलीत मावत नाही, कॅमेरा त्याचे तुकडे करतो, आणि सुटे तुकडे जोडताना सांध्यावर आवाज अडखळतो. कार्ड मात्र मुंज संपल्यावर लगेच रिकामं करू नका, महिनाभर तसंच राहू द्या.

दिराकडे आयफोन असेल तर आणखी एक. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे पाल फॉरमॅट दाखवायचा एक खटका असतो. तो चालू केला की २५ फ्रेमचा पर्याय येतो. अमेरिकेहून आणलेले फोन नातेवाईक ३० वरच चालवतात आणि मग आपल्या हॉलमध्ये पट्टे आले की फोनला शिव्या देतात.

दिराने मॉडेल नंबर कळवला की इथे टाका, मी तपशील बघून सांगतो. आणि कॅमेरा हातात आल्यावर मुंजीच्या दिवसाची वाट बघू नका. एका संध्याकाळी कार्यालयात जा, सगळे दिवे आणि माळा लावायला सांगा, दोन मिनिटं शूट करा आणि घरी येऊन मोठ्या टीव्हीवर बघा. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर काही कळत नाही. जायच्या आधी तिथल्या मॅनेजरला फोन मात्र करा, आमच्या इथला तर नुसते दिवे लावायचेही दोनशे रुपये मागत होता.