ठाणे-नवी मुंबईत लहान कंपन्यांसाठी ऑन-कॉल संगणक-सेवेचा व्यवसाय सुरू करावा का? सुरुवात कोठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की एका मोठ्या कंपनीत सहा वर्षे डेस्कटॉप सपोर्टचे काम केले आहे, आता नोकरी सोडून लहान कंपन्यांना बोलावतील तेव्हा जाऊन सेवा द्यावी असा विचार आहे, आणि दर, ग्राहक व कागदपत्रे यांविषयी मार्गदर्शन हवे आहे. मी हेच काम गेली चौदा वर्षे ठाण्यातील वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतील रबाळे-महापे या औद्योगिक पट्ट्यांत करीत आहे. व्यवसाय जरूर करावा, असे माझे मत आहे. मात्र तो टिकतो दुसऱ्याच्या डेटाची जबाबदारी लेखी आणि शिस्तीने सांभाळल्यामुळे, आणि हुशार तंत्रज्ञही नेमके येथेच कमी पडताना मी पाहिले आहेत.

प्रथम परिसर ठरवा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही घेण्याचा मोह होतो, परंतु एका दिवसात घोडबंदर रोडवरचा एक कॉल आणि तुर्भ्याचा दुसरा घेतला, तर कामापेक्षा रस्त्यातच अधिक वेळ जातो. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचले की तेवढाही भरवसा राहत नाही. पहिले वर्ष वागळे इस्टेटमधील दोन-तीन रस्ते किंवा रबाळे एमआयडीसीचा एखादा भाग, एवढेच धरा. एका गाळ्यातील काम नीट झाले की शेजारचा गाळेवाला स्वतः चौकशी करतो, आणि माझे निम्म्याहून अधिक ग्राहक असेच आले आहेत. उरलेले बहुतेक चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयांमधून आले, कारण लहान मालक संगणकाविषयी पहिला प्रश्न आपल्या सीएलाच विचारतो.

कामाचे स्वरूप मोठ्या कंपनीतील कामापेक्षा बरेच वेगळे असते. येथे सर्व्हर रूम नसते. टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर), प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन (यूएसबीत लावायची सहीची किल्ली), ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) आणि वायफाय यांवर कंपनीचा दिवस चालतो. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची (कराचा गोषवारा व भरणा) २० तारखेला असते, त्यामुळे या तारखांच्या आधीचे दोन-तीन दिवस फोन थांबत नाही. त्या दिवसांत नवे इन्स्टॉलेशन किंवा केबलिंगचे काम मी घेतच नाही.

एक प्रसंग सांगतो. महापे येथील एका कारखान्यातून बँकेचे संकेतस्थळ उघडत नसल्याची तक्रार आली. अकाउंटंटने इंटरनेटवाल्याशी दोनदा वादही घातला होता. मी जाऊन पाहिले, तर पडद्याच्या कोपऱ्यात २००९ सालातील तारीख दिसत होती. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता. रात्री मेन स्विच बंद केला की घड्याळ मागे जाई, आणि तारीख चुकीची असल्यामुळे ब्राउझर बँकेचे सुरक्षा प्रमाणपत्र मान्य करीत नसे. सेल बदलायला दहा मिनिटे लागली. मालकांनी विचारले, ‘एवढ्याचे किती?’ मी व्हिजिटचे पूर्ण पैसे सांगितले आणि त्यांनी ते दिले, कारण व्हिजिटचा दर आणि सुट्या भागाची किंमत वेगळी असते हे त्यांना आधीच लिहून दिलेले होते. दर फोनवरच, निघण्यापूर्वी सांगावा. काम झाल्यावर सांगितलेला दर ग्राहकाला नेहमी जास्तच वाटतो.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये असे मनापासून वाटते. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एका पॅकेजिंग कारखान्यातील संगणक फॉर्मॅट करायचा होता. ‘सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे,’ असे अकाउंटंट म्हणाले आणि मी स्वतः न पाहता सी ड्राइव्ह फॉर्मॅट केला. टॅलीचा डेटा सी ड्राइव्हमध्येच होता. पेन ड्राइव्हवर वीस दिवसांपूर्वीचा बॅकअप मिळाला, आणि मधल्या दिवसांची व्हाउचर कागदी फाइलमधून एकेक काढून आम्ही दोघांनी तीन रात्री बसून पुन्हा भरली. तेव्हापासून बॅकअप दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय मी फॉर्मॅटला हात लावत नाही, आणि ग्राहकाची सही घेतल्याशिवाय तर नाहीच. प्रत्येक ग्राहकाची एक वही ठेवा: यंत्रे किती, सॉफ्टवेअरचे परवाने कोणते, डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे, शेवटचा बॅकअप कधी उघडून पाहिला. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नका.

सुरुवातीला दर कॉलमागे पैसे घ्या, आणि तीन-चार महिन्यांनी त्या कार्यालयाची यंत्रे ओळखीची झाली की वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, सुचवा. पहिल्याच भेटीत जुनाट यंत्रांची एएमसी घेणारा हमखास तोट्यात जातो. करारात सुटे भाग धरलेले नाहीत, किती तासांत पोहोचणार आणि रविवारी काय, हे स्पष्ट असावे. सध्या जुन्या यंत्रांचा प्रश्न सर्वत्र आहे: विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. कोणते यंत्र आधी बदलावे याचा प्रामाणिक सल्ला दिलात, तर त्यातूनच नाते जुळते. चोरीचे सॉफ्टवेअर संगणकात बसवून द्या, असा आग्रह होईल. तेव्हा स्पष्ट नकार द्या. तशी प्रत जाणूनबुजून वापरणे हाच कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अशा क्रॅकमधूनच (परवान्याची तपासणी तोडलेल्या प्रतीतून) आलेल्या व्हायरसने कारखान्याचा सारा हिशेब कुलूपबंद केलेला मी पाहिला आहे.

कागदपत्रे फारशी अवघड नाहीत. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) विनामूल्य आहे आणि ती पहिल्या दिवशीच करावी, कारण एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके ग्राहकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकती करावी लागतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा. उधारी मागताना माझा आवाज पूर्वी खाली जाई. आता मी तारखेसह स्मरणपत्र पाठवतो.

राजीनामा देण्यापूर्वी आणखी एक व्यवस्था करा. एकट्याच्या व्यवसायात तुम्ही तापाने पडलात, तर ग्राहकाला कोणीच उरत नाही. कोपरखैरणे येथील एका समव्यावसायिकाशी माझा लेखी समझोता आहे: गणपतीला मी गावी जातो तेव्हा माझे कॉल तो घेतो, दिवाळीनंतर त्याचे मी घेतो, आणि एकमेकांचे ग्राहक आम्ही आपल्याकडे वळवत नाही. असा माणूस शोधायला मला दोन वर्षे लागली. तुम्ही आजपासूनच विचारपूस सुरू करा.